आम्लाचा जोर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी अनुमापनाचं प्रात्यक्षिक होतं. एका शंकूपात्रात 25 मिली हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात तेवढंच अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं. दोन्ही 0.1 मोलर. ब्युरेटमध्ये तेवढ्याच संहतीचा कॉस्टिक सोडा. दुसरं आम्ल ‘सौम्य’, तेव्हा त्याला सोडा कमी लागणार, असा माझा हिशेब. पण दोन्हीकडे फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झालं ते 25 मिलीच्या आसपासच. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून मी दुसरं रीडिंग जर्नलमध्ये चक्क कमी करून लिहिलं.

चुकत होता तो माझ्या डोक्यातला ‘तीव्र’ हा शब्द. मराठीत तीव्र म्हटलं की जहाल, भाजणारं, पुष्कळ असं सगळं एकदमच मनात येतं. रसायनशास्त्र विचारतं ते एवढंच, की हे आम्ल आपला प्रोटॉन किती सहज सोडतं? त्या पहिल्या पात्रात जवळजवळ प्रत्येक रेणूनं तो सोडलेला होता, म्हणून सामू 1. दुसऱ्यात शंभरातल्या जेमतेम एकानं, म्हणून सामू 2.9. पण सोडा मोकळे प्रोटॉन उचलू लागला की मागचे रेणू आपापले पुढे करतात. खिशातली मोड वेगळी, बँकेतली ठेव वेगळी. सामू फक्त खिसा चाचपतो.

सामूचा जन्मही अशाच कामासाठी झाला. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन विकरांवर काम करत होते. द्रावण या घडीला किती आम्लधर्मी आहे, हे त्यांना हवं होतं. 1909 साली त्यांनी ही मोजपट्टी मांडली. तिच्यावर एक अंक उतरला की मोकळे प्रोटॉन दहापट. आम्ल कुठलं, याच्याशी तिला देणंघेणं नाही. तेच हायड्रोक्लोरिक हजारपट पातळ करा, सामू 4 होईल, व्हिनेगरपेक्षा मवाळ; तरी ते तीव्रच राहतं. सामू म्हणजे सगळा हिशेब नव्हे, हे ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढणारा शेतकरी अनुभवानं जाणतो. नुसता विहिरीच्या पाण्याचा सामू बघून तो आम्ल ओतत नाही. बादलीभर पाण्यात थोडंथोडं घालत, सामू हवा तितका उतरेपर्यंत किती लागलं ते आधी मोजतो. हेही अनुमापनच, जर्नल नसलेलं.

आम्लाचा स्वतःचा जोर सांगणारा आकडा पीकेए. तो जितका कमी तितका जोर जास्त, अ‍ॅसेटिकचा 4.76. पण हाही आकडा एकट्या आम्लाचा नसतो, आणि पाठ्यपुस्तकं इथेच हात आखडता घेतात. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, परक्लोरिक ही तिन्ही पाण्यात सारखीच तीव्र दिसतात, कारण पाणी तिघांकडूनही प्रोटॉन काढून घेतंच. पेपर इतका सोपा की तिघांनाही शंभरपैकी शंभर. पाण्याऐवजी निर्जल अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवा, ते प्रोटॉन घ्यायला कुरकुरतं, आणि मग परक्लोरिक पुढे निघून जातं. पाण्याच्या पलीकडचा जोर मोजायला लुई हॅमेट यांनी 1932 मध्ये दुबळ्या आम्लारींचे रंग वापरले. जो सहसा प्रोटॉन घेत नाही, त्यालाही तो किती प्रमाणात घ्यायला लावलं, यावर आम्लाची परीक्षा. म्हणून ‘तीव्र आम्ले’ अशी यादी देताना ‘पाण्यात’ हा शब्द गाळणं मला अर्धवट शिकवणं वाटतं.

आणि भाजण्याचा यात संबंध फार थोडा. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा पीकेए सुमारे 3.2, म्हणजे नियमानं सौम्य. पण ते काच खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावं लागतं, आणि कातडीतून आत शिरून जिवावर बेतू शकतं. उलट 2004 मध्ये कॅलिफोर्नियात क्रिस्टोफर रीड यांच्या गटानं जाहीर केलेलं कार्बोरेन आम्ल संहत सल्फ्युरिकपेक्षा किमान दहा लाखपट जोरकस आहे. ते साध्या काचेच्या बाटलीत ठेवता येतं.