‘रिकामी आहे’

बंदूक हाती देताना देणाऱ्याने ‘रिकामी आहे’ असे सांगितले, म्हणजे घेणाऱ्याने ती उघडून पुन्हा पाहावी की नाही? प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा दिसतो. परंतु विचार केला असता तो नीतीचाच आहे असे आढळून येईल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील तिसगावाच्या परिसरात, गर्भगिरीच्या डोंगरांलगत वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास बंदूक ही केवळ चैनीची वस्तू वाटत नाही. याच पाथर्डी तालुक्यात 2020 साली बिबट्याने लहान मुले उचलून नेली, तेव्हा घरात एखादे शस्त्र असावे असे किती आईबापांच्या मनात आले असेल! पण ज्या घरी परवान्याची दुनळी असते, तेथेही ती बहुतेक काळ निमूट पडून असते. ती बाहेर निघते साफसफाईसाठी, किंवा खंडेनवमीच्या पूजेसाठी; म्हणजे शत्रू समोर नसताना आणि घरची माणसे भोवती असताना.

साफसफाईचा क्रम जाणत्यास ठाऊक असतो. नळीचे तोंड कोणीही नाही अशा दिशेस असावे, बोट चापापासून दूर असावे. मग बंदूक बिजागरीवर वाकवून उघडावी, दोन्ही घरे पाहावी, बोटाने चाचपावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावी. एवढे झाल्यावरच खिडकी उघडून गजास चिंधी लावावी, मागील बाजूने पुढे नेत नळीतील काजळी काढावी, तेलाचा पातळ हात फिरवावा. फार तेल झाल्यास दस्त्याचे लाकूड बिघडते. चामड्याची गवसणी ओल धरते, म्हणून बंदूक तीत महिनोन्‌महिने ठेवू नये. ध्यानात घेण्याजोगे हे की, या क्रमातील पहिले काम सफाईचे नसून स्वतःविषयी संशय घेण्याचे आहे.

जुन्या ठासणीच्या बंदुकीत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. तिला मागून उघडण्याची सोय नाही, आणि तोंडातून डोकावणे म्हणजे मृत्यूच्या दारात डोळा लावणे. तेथे नळीत गज हलकेच सोडून तो तळास टेकला की अलीकडेच अडला, हे बाहेर उरलेल्या लांबीवरून ताडावे लागते. ‘मला पक्के आठवते’ या वाक्यास तो गज काडीची किंमत देत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘मित्राच्या शब्दाचा हा अपमान नव्हे काय? विश्वासावाचून संसार तरी कसा चालावा?’ आक्षेप क्षुल्लक नाही. आपण वाण्याची प्रत्येक पुडी पुन्हा तोलीत नाही, आणि तोलू लागलो तर जगणे दुःसह होईल. परंतु पुडीत चूक झाली तर ती उद्या भरून निघते. येथील चूक भरून निघत नाही, आणि पडताळा पाहण्यास लागतो तो एक क्षण. शिवाय मित्राच्या शब्दावरून त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होतो, नळीचे रिकामेपण नव्हे. प्रामाणिक मनुष्यही विसरतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मित्रावर विश्वास टाकून मी माझा जीव धोक्यात घालीन, तर तो कदाचित माझा अधिकार असेल. पण भिंतीपलीकडे खेळणाऱ्या मुलाने तो विश्वास टाकलेला नाही. त्यास कोणी विचारलेलेच नाही. त्याच्या वतीने उदार होण्याचा अधिकार मला कोणी दिला? पुन्हा उघडून पाहणे हा देणाऱ्याचा अवमान नसून त्या न विचारलेल्या तिसऱ्याचा मान आहे.

1959 च्या कायद्याने परवाना आवश्यक केला, 2016 च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचीही अट घातली. हे योग्यच झाले. परंतु कायदा आपल्या कपाटापाशी येऊन उभा राहत नाही. तेथे उभी राहते ती सवय.

खंडेनवमीस बापाने बंदूक उघडून पाहावी, मोठ्या मुलाच्या हाती द्यावी, आणि मुलाने बापादेखत ती पुन्हा उघडून पाहावी. त्या वेळी ज्या बापास राग येत नाही, त्याच्याच घरी शस्त्र असावे. आणि मग खुशाल त्यावर फुले वाहावी.