पिंडीवरील अभिषेकपात्र

पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रातून जल थेंबाथेंबाने गळते. हिमालय हे असेच एक पात्र होय. हिवाळ्यात साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो, म्हणून गंगा ग्रीष्मातही वाहते. सह्याद्रीच्या शिखरांवर हिम साठत नाही. त्रिपुरासुराशी झालेल्या युद्धात श्रमलेल्या शिवाच्या घामातून भीमाशंकरी भीमा प्रकटली, अशी कथा आहे. घामच तो, श्रम थांबताच ओसरणारा! पावसाळ्याचे जल तेथे अरण्य व माती धरून ठेवतात; खाली १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण ते साठविते.

मोहोळ मात्र पर्जन्यछायेत. तालुक्यातील सीना अहिल्यानगरकडून येते. तिला ना हिम, ना घनदाट अरण्य. उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हीच नदी गावांत व उभ्या पिकांत शिरली. पात्र फुटले की अभिषेक कसला, पिंडच बुडते.

पुढे हत्तरसंग-कुडल येथे सीना भीमेस मिळते. तेथील संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. भाविकांनी तो अवश्य पाहावा. श्री नागनाथांच्या अभिषेकास एक तांब्या जल घ्यावे, आणि परतल्यावर आपल्या शिवारातील ओढ्याच्या काठी एक झाड लावावे.