मुलाला कोणत्या शाळेत घालावे?



एप्रिल-मे महिना उजाडला की आपल्या खोडाळा परिसरातील घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. यंदा मूल सहा वर्षांचे होणार, मग त्याला पहिलीत कुठे घालायचे? आपल्या आईवडिलांपुढे हा प्रश्न फारसा नव्हता. पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा असे, नाहीतर आश्रमशाळा असे. मूल त्यांपैकी एकीत जाई, किंवा कुठेच जात नसे. आज तसे राहिलेले नाही. २०१२ साली राज्यात स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचल्या. जव्हार, घोटी, इगतपुरी, नाशिक अशी नावे आता आपल्या ओट्यावरच्या बोलण्यात येतात. शिवाय आदिवासी विकास विभागाची नामांकित निवासी शाळांची योजना २०१० च्या सुमारास सुरू झाली. तिच्यात अल्प उत्पन्नाच्या आदिवासी कुटुंबातील मुलाला इंग्रजी माध्यमाच्या खाजगी निवासी शाळेत पाठवले जाते आणि खर्च शासन उचलते.

निवड करता येणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण निवड आली की जबाबदारीही येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, असे त्यात म्हटले आहे. शाळा निवडण्याचा हक्कही त्यांचाच. म्हणजे ‘सगळे घालतात म्हणून आम्हीही घातले’ हे उत्तर आपल्याला पुरणारे नाही. आपण काय निवडतो आणि कोणासाठी निवडतो, याचा थोडा विचार या पानावर करू या.

पहिली गोष्ट मुलाच्या वयाची आणि त्याच्या भाषेची. आपल्या भागातले मूल घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोलते. शाळेतली मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. इंग्रजी माध्यमात घातले तर ती तिसरी. मोठा माणूस नवी भाषा शिकतो तेव्हा त्याला निदान वाचता येत असते. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर, आकडा आणि अनोळखी भाषा हे तिन्ही एकदम पेलायचे असते. ते कविता पाठ म्हणून दाखवते, आपल्याला कौतुक वाटते. त्या कवितेचा अर्थ त्याला विचारला तर ते गप्प होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, त्याचे कारण हेच आहे.

हे आपल्याला दिल्लीहून कोणी सांगायला हवे असे नाही. आपल्याच जिल्ह्यात डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हे काम झाले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज गावोगावी आपण जिला अंगणवाडी म्हणतो, तिचे मूळ तिथे आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मुले जिथे गुरे घेऊन जात, तिथे बाई जात. बिया, पाने, शंख, खडे हीच शिकवण्याची साधने. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. या दोघींनी मुलाला शाळेच्या मापात कापले नाही, शाळाच मुलाच्या मापाची केली. आपण ज्या शाळेचा दाखला घेणार आहोत, तिथे असे काही होते का, हे पाहायला नको का?

दुसरी गोष्ट घरापासून दूर जाण्याची. निवासी शाळेत गेलेले सहा वर्षांचे मूल दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी येते. ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवते, हे आपल्याला कळत नाही. आजीच्या गोष्टी, आवणीच्या दिवसांतला चिखल, नागलीची भाकर, संध्याकाळची प्रार्थना या गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमात नसतात. त्या फक्त घरात मिळतात आणि लहान वयातच अंगी मुरतात. कित्येक मुले चार-पाच वर्षांनी घरी येतात तेव्हा आईच्या बोलीत बोलायला बुजतात. हे नुकसान गुणपत्रिकेवर दिसत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. दिवाळीनंतर ज्या घराला कुलूप लावून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जावे लागते, त्या घरातल्या मुलाचे ‘घर’ म्हणजे भट्टीवरची झोपडी. तिथे ना शाळा, ना अंगणवाडीचा आहार. अशी आई जर म्हणाली, ‘माझे लेकरू दूर राहिले तरी चालेल, दोन वेळ जेवेल आणि शिकेल,’ तर तिला कोणी काय म्हणावे? पाड्यावरची शाळा एका शिक्षकावर चालत असेल आणि तोही कागदपत्रांच्या कामात अडकलेला असेल, तर बापाला दुसरी शाळा शोधावीशी वाटणारच. कोर्टातला, बँकेतला, दवाखान्यातला इंग्रजी कागद समोर आला की आपली जी अडचण होते, ती मुलाची होऊ नये, ही इच्छा मोठेपणाच्या हव्यासातून येत नाही. म्हणून मूल दूर पाठवणाऱ्या आईवडिलांना कमी प्रेमळ समजण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही. ज्याला घरी राहून मुलाला सांभाळणे परवडते, त्याने तर याबाबत जपूनच बोलावे.

मग ठरवायचे कसे? खाजगी म्हणजे चांगली आणि सरकारी म्हणजे वाईट, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे एक मोठा अभ्यास झाला. सरकारी शाळेतील काही मुलांना चिठ्ठ्या टाकून निवडले, त्यांची फी भरून त्यांना खाजगी शाळेत जाऊ दिले आणि मागे राहिलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोघांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेतली मुले पुढे होती, कारण तिथे हिंदीला जास्त वेळ दिला जाई. त्या खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, हेही त्यात दिसले. म्हणजे खाजगी शाळा कमी पैशांत तेवढेच शिकवत होत्या, जादू करीत नव्हत्या. पाटी कोणती आहे यावरून शाळा कळत नाही. वर्गात जाऊन बसल्यावर कळते.

म्हणून दाखला घेण्याआधी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. शाळेला शासनाची मान्यता आणि यूडायस क्रमांक आहे का? पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाई प्रशिक्षित आहेत का आणि त्या दरवर्षी बदलतात का? मुले प्रश्न विचारतात की फक्त एका सुरात उत्तरे देतात? न समजल्यास बाई मुलाच्या बोलीत समजावतात का, की घरची बोली बोलल्याबद्दल मुलाला शिक्षा होते? निवासी शाळा असेल तर रात्री मुलांजवळ कोण झोपते, आजारपणात कोणाला कळवतात, फोनवर मुलाशी बोलू देतात का? दुसरीतल्या मुलाला साधे गोष्टीचे पुस्तक वाचून त्यातला अर्थ सांगता येतो का? इमारतीचा रंग आणि बूट-टाय यांपेक्षा या प्रश्नांची उत्तरे मोलाची आहेत.

कायदाही थोडा माहीत असावा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची परीक्षा वा मुलाखत घेता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. विनाअनुदानित खाजगी शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी असतात आणि त्यांची फी शासन भरते. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. तेव्हा हा हक्क आजही आहे. फी वाढवायची तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ती ठेवावी लागते, हेही विसरू नये.

पैशाचा प्रश्न निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट बोलू या. फीसाठी भट्टीच्या मालकाकडून उचल घ्यावी लागत असेल, तर ती शाळा मुलासाठी चांगली असली तरी त्या घरासाठी चांगली नाही. उचल फेडायला आईबाप सहा महिने बाहेर जाणार आणि ज्याच्यासाठी ही धडपड, ते मूल तेवढे दिवस परक्याच्या हाती राहणार.

त्याहून मोठा प्रश्न घरातल्या मुलीचा आहे. मुलगा व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत आणि त्याची बहीण पाड्यावरच्या शाळेत, तीही धाकट्याला कडेवर घेऊन, असे चित्र कुठल्याही गावात दिसते. कोणी विचारले तर उत्तर मिळते, ‘दोघांची फी परवडत नाही.’ हे खरेही असेल. पण परवडत नाही तेव्हा दरवेळी कमी मुलीच्याच वाट्याला का येते? दोघांना एकाच शाळेत घालावे, मग ती साधी शाळा असली तरी चालेल. उरलेल्या पैशांतून दोघांसाठी पुस्तके आणावीत, संध्याकाळी अर्धा तास दोघांना घेऊन बसावे. देवापुढे दोघे सारखे असतील, तर शाळेच्या दारात ते वेगळे कसे होतील?

आता मागे राहणाऱ्यांविषयी. एका पाड्यावरून दहा मुले बाहेरच्या शाळेत गेली की तिथली शाळा लहान होते. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढाव्यात, असा प्रस्ताव राज्य शासनाने २०२३ साली मांडला होता. आपल्यासारख्या डोंगराळ भागात शाळा दोन ओढ्यांपलीकडे गेली, की पावसाळ्यात लहान मुलाची शाळा सुटली असे समजावे. ज्यांना फी परवडते, ज्यांना गुरुजींना प्रश्न विचारता येतो, तेच पालक निघून गेले तर उरलेल्यांसाठी कोण बोलणार? आपल्या मुलाचे भले पाहणे हे पाप नाही. पण आपले मूल कुठेही शिको, पाड्यावरच्या शाळेवरचे आपले उत्तरदायित्व संपत नाही. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या सभासद महिला असाव्या लागतात. ज्यांचे मूल तिथे शिकते, त्यांनी या बैठकीला जावे. ज्यांचे शिकत नाही, त्यांनी निदान ग्रामसभेत शाळेचा विषय काढावा.

शेवटी आपल्या ख्रिस्तसभेलाही एक प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित आणि २०१४ साली अनुदानित अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. म्हणजे धर्मगुरू आणि धर्मभगिनी चालवीत असलेल्या शाळांवर त्या २५ टक्के जागांचे कायदेशीर बंधन नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने या सवलतीचा फेरविचार व्हायला हवा असे म्हटले. न्यायालय काय ते ठरवील. पण १९६५ च्या त्याच जाहीरनाम्यात ख्रिस्ती शाळांनी गरिबांची, घराच्या मायेला पारख्या झालेल्यांची आणि परधर्मीयांचीही विशेष काळजी घ्यावी, असे सांगितले आहे. कायद्याने सक्ती नसतानाही दार उघडे ठेवायचे की नाही, हे आपल्या सद्सद्विवेकबुद्धीने ठरवायचे आहे.

आमचे मत विचाराल तर ते असे: आठ वर्षांचे होईपर्यंत मूल शक्यतो घराजवळ आणि घरच्या भाषेच्या जवळ असावे. ते शक्य नसेल तर, दूरची शाळा स्वतः पाहून, वर्गात बसून, रात्रीची सोय विचारून मगच निवडावी. मुलगा-मुलगी असा भेद करू नये. शाळेसाठी उचल घेऊ नये. आणि मूल खाजगी शाळेत गेले, तरी पाड्यावरच्या शाळेकडे पाठ फिरवू नये. याहून वेगळा निर्णय कोणी विचारपूर्वक घेतला असेल, तर त्यालाही आमचा मान आहे. येत्या जूनमध्ये आपल्या परिसरातून जी मुले पहिल्यांदा दप्तर पाठीला लावतील, त्या सर्वांसाठी, ती कोणत्याही शाळेत जावोत, आज मिस्साबलिदानात मिळून प्रार्थना करू या.