ओढ आणि ऋण

बडोदे, इंदूर येथे तीन-चार पिढ्या स्थायिक झालेल्या आमच्या गोमंतकीय कुटुंबांतून तरुणांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते : यांना गावाची ओढ म्हणून उरली नाही. हा कृतघ्नपणा होय काय?

आम्हांस तसे वाटत नाही. ओढ आज्ञेने उपजत नाही. ज्याने कुळागरातील पोफळींची सावली कधी अनुभवली नाही, त्याने तिच्यासाठी झुरावे तरी कसे?

आपल्या देवांचेच उदाहरण घ्यावे. श्रीमंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. पोर्तुगीज अमलात देवळांवर संकट कोसळले, तेव्हा १५६० साली भक्तांनी त्यास नदीपलीकडे, आदिलशाही मुलखातील प्रियोळास नेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी देव तेथेच राहिला. त्याने कुशस्थळीशी प्रतारणा केली असे कोणी म्हणत नाही. म्हाळसेचे मंदिर वेर्णे येथे मूळ जागी पुन्हा उभे राहिले खरे, पण म्हणून म्हार्दोळचे देवस्थान काही ओस पडले नाही.

ऋणाची गोष्ट मात्र निराळी. घरदार सोडून ज्यांनी देव वाचविला, त्यांचे देणे ओढ असो वा नसो, फेडावेच लागते. गावाच्या नावाने गहिवरणारे, पण देवळाच्या गळक्या छपराकडे वर्षानुवर्षे न पाहिलेले गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत; आणि गावाचे नावही धड उच्चारता न येणारा, तरी जत्रेची वर्गणी न चुकता धाडणारा त्यांचा नातूही. त्या नातवास आम्ही तरी बोल लावणार नाही.