न घडलेल्या गोष्टींचे श्रेय

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारचा मिस्सा आटोपल्यावर आम्ही एका परिचित कुटुंबाकडे चहासाठी थांबलो होतो. त्या घरचा नववीतला मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात बचावपटू म्हणून खेळतो. आदल्या दिवशी त्याच्या संघाने सामना एका गोलने जिंकला होता. घरात त्याच आनंदाची बोलणी चालली होती, परंतु मुलगा काहीसा गप्प होता. गोल करणाऱ्या मुलाला सर्वांनी खांद्यावर घेतले, मुख्याध्यापकांनी त्याचे नाव विचारून घेतले, हे सारे त्याने आम्हाला सांगितले. मग म्हणाला, "सर, जिंकलो ते खरं. पण मी काय केलं, ते मला सांगता येत नाही. त्यांचा गोल झाला नाही, एवढंच."

ते "एवढंच" आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. कोल्हापूरसारखे फुटबॉलचे वेड आमच्या सोलापुरात नाही, आणि खेळातील बारकावे उलगडून सांगण्याचा अधिकार आमच्यापाशीही नाही. तथापि त्या मुलाचा प्रश्न खेळापुरता नव्हता. जे वाईट घडले नाही, त्याचे श्रेय कोणाचे? आणि ज्याला आपल्या श्रमाचा पुरावा दाखविता येत नाही, त्याने आपल्या आयुष्याचे मोल कशावरून ठरवावे?

जगाची जमाखर्चाची वही घडलेल्या गोष्टींची असते. सामन्याच्या वृत्तांतात गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, हे छापून येते. बचावपटूने पाय मध्ये घालून जो गोल होऊ दिला नाही, त्याला त्या कोष्टकात रकाना नाही. शिवाय त्यात एक तात्त्विक अडचणही आहे. अडविला नसता तर तो चेंडू जाळ्यात गेलाच असता असे कोणी छातीठोकपणे सांगावे? कदाचित तो खांबाला लागला असता, कदाचित बाहेर गेला असता. म्हणून प्रामाणिक बचावपटूला स्वतःच्या मनाशीसुद्धा आपले श्रेय पुरतेपणी सिद्ध करता येत नाही. त्याचे यश हे नेहमी "नसते तर" या दोन शब्दांच्या आधारावर उभे असते.

आमचे वडील रेल्वेत चावीवाले होते. हातोडा, पाना आणि लाल-हिरव्या झेंड्या घेऊन होटगीच्या बाजूला ठरलेल्या टापूत ते रोज रुळांवरून चालत. रूळ जागेवर जखडून ठेवणारी चावी सैल झालेली दिसली की ठोकून घट्ट करीत आणि पुढे जात. उन्हाळ्यात रूळ तापत, पावसात खडी खचे, पण त्यांची फेरी चुकत नसे. शाळेत असताना आम्हाला या कामाची लाज वाटे. एका मित्राचे वडील इंजिन चालवीत, दुसऱ्याचे तिकिटे तपासत. आमचे वडील नुसते चालत. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात आम्ही "रेल्वेत नोकरी" एवढेच लिहीत असू. ते निवृत्त झाले त्या दिवशी नातेवाइकांपैकी कोणीतरी थट्टेने विचारले, "इतक्या वर्षांत काय काय घडलं, सांगा की!" वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, "माझ्या टापूत काही घडलं नाही." सगळे हसले. आम्हीही हसलो. त्या उत्तरात केवढा अभिमान होता, हे उमजेपर्यंत वडील या जगात राहिले नव्हते.

नववीतल्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्ही मुद्दाम अशा माणसांची चरित्रे आठवून पाहिली, की जी आधी बचावपटू होती आणि नंतर प्रशिक्षक झाली. मुंबईच्या फुटबॉलमध्येच अशी दोन माणसे भेटतात. एक इंग्लंडचे डेव्हिड बूथ. ते बार्न्सले आणि ग्रिम्सबी टाऊन या इंग्लंडमधील संघांकडून बचावफळीत खेळले, पुढे ग्रिम्सबीचेच व्यवस्थापक झाले, आणि उत्तरायुष्यात आपल्या मुंबईत येऊन त्यांनी महिंद्र युनायटेड आणि मुंबई एफ. सी. या संघांना शिकविले. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफ. सी. त्यांच्याच हाताखाली दुसऱ्या श्रेणीतून वर आला. दुसरे गोव्याचे डेरिक परेरा. साळगावकर संघाच्या आणि भारताच्या बचावफळीत खेळलेला हा माणूस पुढे महिंद्र युनायटेडचा प्रशिक्षक झाला आणि २००५-०६ च्या मोसमात त्या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. त्यानंतर परेरा पुण्याला आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे एफ. सी. हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. पहिला चर्चिल ब्रदर्स होता. दुसऱ्याचे नाव लोक फार दिवस लक्षात ठेवीत नाहीत, हे वेगळे सांगावयास नको. डिसेंबर २०२१ मध्ये एफ. सी. गोवा या संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर संघ सोडून गेले, तेव्हा ती मोकळी जागा परेरांनीच भरून काढली. खिंडार पडले की तेथे जाऊन उभे राहावे, ही बचावपटूची सवय पन्नाशी उलटल्यावरही सुटत नसावी.

बचावपटू प्रशिक्षक होतो यात आम्हाला एक संगती दिसते. आघाडीवीराची नजर समोरच्या जाळ्यावर असते आणि आपले बहुतेक सोबती त्याच्या पाठीमागे असतात. बचावपटूच्या पुढ्यात सारे मैदान पसरलेले असते. कोण दमला आहे, कोण जागा सोडून गेला आहे, कोणाला हाक मारून सावध करायला हवे, हे त्याला दिसते. आणि ज्याने उमेदीची वर्षे नावाविना काढली, त्याला पुढची पायरी फारशी जड जात नसावी. प्रशिक्षक तर चेंडूला स्पर्शही करीत नाही. त्याचे सारे कर्तृत्व दुसऱ्यांच्या पायांतून प्रकट होते, आणि ते पाय आपल्या धन्याचे नाव सांगतात, गुरूचे नव्हे.

तरीही काहीतरी मागे उरावे, अशी अपेक्षा माणूस करतोच. निदान आपण घडविलेला संघ तरी राहावा! पण येथे काय दिसते? महिंद्र युनायटेड २०१० साली विसर्जित झाला. पुणे एफ. सी. ने काही वर्षांतच खेळ थांबविला. मुंबई एफ. सी. २०१७ साली पहिल्या श्रेणीतून घसरला आणि नाहीसा झाला. सोलापूरकरांना हे दुःख अपरिचित नाही. जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावे एकेकाळी हजारो घरांच्या चुलीशी जोडलेली होती. आज ती पत्ता सांगण्यापुरती उरली. मग त्या गिरण्यांत रात्रपाळी केलेल्यांचे श्रम वाया गेले काय? तसे कोण म्हणेल? ते श्रम कापडाबरोबर संपले नाहीत. ते शिकलेल्या मुलांत, फेडलेल्या कर्जांत, न मोडलेल्या संसारांत मुरले. प्रशिक्षकाचेही तसेच. संघ मोडतो, परंतु त्याने एखाद्या पोराला लावलेली शिस्त त्या पोराबरोबर दुसऱ्या गावी जाते.

येथवर आमचा विचार सरळ चालला होता. बचाव करणारा, अनामिक राहणारा माणूस थोर, असा निष्कर्ष काढून लेख संपविता आला असता. पण आमच्याच घरातील एक आठवण आडवी आली, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या मुलीला बारावीनंतर परगावी शिकण्यासाठी चांगल्या ठिकाणी जागा मिळत होती. आम्ही तिला पाठविले नाही. एकटी मुलगी, अनोळखी शहर, वसतिगृहाची राहणी. काही वाईट घडू नये, एवढाच आमचा हेतू होता. तिने हट्ट केला नाही. येथेच शिकली, येथेच नोकरीला लागली. आज कोणी आम्हाला विचारले, तर आम्हीही वडिलांप्रमाणेच म्हणू शकतो, "काही घडलं नाही." शब्द तेच आहेत. परंतु वडिलांच्या तोंडी ते अभिमानाने आले होते. आमच्या तोंडी ते येताना घशाशी अडतात.

दोन्हींत फरक कोठे पडला? पुष्कळ दिवस विचार केल्यावर आम्हाला तो एवढा दिसला: अपघात टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गाड्या बंद ठेवणे. वडिलांनी तसे केले नाही. त्यांच्या चाव्या घट्ट होत्या, म्हणून त्या रुळांवरून गाड्या धावत राहिल्या आणि त्यांनी कधी न पाहिलेली माणसे त्यांनी कधी न पाहिलेल्या गावांना पोहोचली. त्यांची राखण दुसऱ्याच्या प्रवासासाठी होती. आम्ही मात्र गाडीच रोखून धरली आणि त्या कृत्याला राखण हे नाव दिले.

शुभवर्तमानातील एक दाखला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. धन्याने दिलेले द्रव्य एका चाकराने जमिनीत पुरून ठेवले. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, एक कवडीही गमावली नाही. लहानपणी आम्हाला त्याची शिक्षा अन्यायाची वाटे. आता वाटत नाही. त्याने द्रव्य राखले, पण ज्यासाठी ते दिले होते तो व्यवहारच होऊ दिला नाही. याउलट संत योसेफांकडे पाहावे. शुभवर्तमानात त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. बाळाला रातोरात मिसर देशी नेऊन त्यांनी वाचविले, परंतु ते तेथेच दडून राहिले नाहीत. धोका टळताच ते त्याला घेऊन परत आले. पुढे ज्याला घर सोडून जगात जायचे होते, त्यालाच त्यांनी राखले होते.

फुटबॉलचा जाणकारही हेच सांगतो. चेंडू नुसता मैदानाबाहेर भिरकावणारा बचावपटू संकट क्षणभर पुढे ढकलतो. उत्तम बचावपटू चेंडू काढून घेतो, मान वर करून पाहतो आणि तो आपल्या सोबत्याच्या पायाशी देतो. राखणे आणि सोपविणे या दोन क्रिया मिळून त्याचे काम पुरे होते. प्रशिक्षक होणे म्हणजे याच दुसऱ्या क्रियेला उरलेले आयुष्य देणे होय.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. बचावपटूचे यश अनामिक असते, परंतु त्याची चूक मात्र नावानिशी नोंदली जाते. २७ जून २०२३ रोजी बंगळुरू येथे दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारत कुवेतविरुद्ध एका गोलने पुढे होता. खेळ संपता संपता, जादा वेळेत, चेंडू दूर करण्याच्या प्रयत्नात अन्वर अलीकडून तो आपल्याच जाळ्यात गेला आणि सामना बरोबरीत सुटला. त्या संध्याकाळी त्याने अडविलेल्या बाकीच्या चेंडूंची नोंद कोठेही नाही. या एकाची आहे.

त्याच सामन्यात मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना लाल कार्ड मिळाले. त्यामुळे पुढील सामन्यांत मैदानाच्या कडेला उभे राहण्याची जबाबदारी त्यांचे सहायक महेश गवळी यांच्यावर आली. गवळी गोव्याचे, डेंपो संघाच्या आणि भारताच्या बचावफळीत अनेक वर्षे खेळलेले. चारच दिवसांनी, १ जुलैला, लेबननविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात अन्वर अली मैदानावर होता. गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टी घेण्याची वेळ आली, तेव्हा चेंडू ठेवायला पुढे आलेल्यांत तोही होता. त्याने गोल केला. भारत ४-२ असा जिंकला, आणि ४ जुलैला अंतिम सामन्यात पुन्हा कुवेतलाच टाय-ब्रेकरमध्ये ५-४ असे हरवून अजिंक्य ठरला.

या प्रसंगात आम्हाला विजयापेक्षा ते चार दिवस मोठे वाटतात. ज्याची चूक सर्व देशाने पाहिली, त्याला पुन्हा त्याच्या जागी उभे करण्यात आले. क्षमा म्हणजे चूक विसरणे नव्हे. चुकलेल्याच्या पायाशी पुन्हा चेंडू देणे, ही खरी क्षमा. आपल्या घरांत, आपल्या धर्मग्रामांत एकदा चुकलेल्या माणसाला आपण किती वर्षे मैदानाबाहेर बसवून ठेवतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या रविवारी गाठले. त्याला म्हणालो, "बाळ, तुझ्या वाक्यातला 'एवढंच' हा शब्द तेवढा काढून टाक. त्यांचा गोल झाला नाही. वाक्य येथेच पुरे झाले." मग आमच्या वडिलांची आणि त्यांच्या चाव्यांची गोष्ट त्याला सांगितली. त्याने ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, "तुम्ही त्यांना कधी सांगितलं होतं, सर?"

आम्ही नाही म्हणालो. त्यांना सांगण्याची वेळ आता निघून गेली आहे. मुलीशी बोलण्याची मात्र अजून गेलेली नाही. याच शहरात, आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर तिचे घर आहे. तिला एकदा विचारावयाचे आहे, की बाई, तुला कोठे जायचे होते, आणि आता जाता येईल का? हा लेख पुरा झाला की आम्ही तिकडेच निघणार आहोत.