दोन मोटारी

माझ्या मामींचं घर गल्लीच्या अगदी शेवटाला. गाव धुळे जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण जे सांगायचं आहे ते आजूबाजूच्या दहा गावांनाही तसंच लागू आहे. पाणी सुटलं की गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हाळी द्यायचं, "पानी उनं वं!" आणि पहिल्या घरापासून घरघर सुरू व्हायची. एकेका घरातून नळाला लावलेली टिल्लू मोटर जागी होत घरघर गल्लीभर पसरायची. मामींच्या नळाला तोवर नुसती हवा. तोटीखाली हंडा, शेजारी कळशी, आणि उंबऱ्यावर कानोसा घेत बसलेल्या मामी.

भारनियमनाची ती वर्षं होती. लाईट गेली की सारं गाव वैतागायचं आणि मामींचा चेहरा उजळायचा. सगळ्या मोटरी एका क्षणात गप्प होत. मिनिट-दोन मिनिटं काहीच नाही. मग तोटी खोकल्यासारखी करायची, थोडं गढूळ पाणी थुंकायची आणि बोटाएवढी धार हंड्यात पडू लागायची. लहानपणी माझी समजूत होती की पाण्याला अंधार आवडतो.

पुढं कळलं की यात गूढ काही नाही. उंच टाकीतलं पाणी आपल्या वजनानं नळीतून धावतं आणि हा दाब गल्लीभर वाटून पुरायला हवा असतो. तोंडाशी असलेल्या घरानं मोटर लावली की ते आपल्या वाट्याच्या पाण्याबरोबर पुढच्या सगळ्यांचा दाबही ओढून घेतं. त्यातून आणखी एक गोष्ट होते आणि ती जास्त वाईट आहे. मोटर जोरात ओढू लागली की नळीतला दाब बाहेरच्या दाबाहून कमी होतो. नळी गटाराच्या कडेनं गेली असेल आणि एखादा सांधा ढिला असेल, तर बाहेरचं घाण पाणी आत शोषलं जातं. पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली की आपण टाकी बघायला धावतो. टाकी बहुतेक वेळा बरी असते.

तरीही मोटर लावणाऱ्याला गावात कुणी चोर म्हणत नाही. त्याच्या घरात पाणी येताना दिसतं. कुणाच्या घरातलं गेलं ते दिसत नाही.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते पहूरच्या स्टॅंडवर. जळगावहून अजिंठ्याकडे आणि पुढं छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं जामनेर तालुक्यातलं हे मोठं गाव. फाट्यावरच्या गावाचं जे नशीब असतं तेच याचंही. एस.टी. थांबते, काळीपिवळ्या थांबतात, कापसाचे ट्रॅक्टर जातात, अजिंठ्याला निघालेल्या मोटारी चहाला थांबतात. दुचाकी दुकानाच्या पायरीला टेकवून माणूस आत जातो, पाच मिनिटांत येतो म्हणतो आणि अर्ध्या तासानं येतो. एकानं थोडी तिरपी गाडी लावली म्हणून दुसरा तिच्या अलीकडे लावतो, तिसरा त्याच्याही अलीकडे. एस.टी.च्या ड्रायव्हरला वळण घेता येईना झालं तेव्हा कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवू लागला. शाळेची पोरं साचलेल्या पाण्याच्या कडेनं, बसच्या चाकाला घासून, एका ओळीत निघाली. आपल्याकडे जुनी माणसं एस.टी.लाही मोटरच म्हणतात, "पाचची मोटर गेली का?" तिथं उभा असताना मनात आलं, नळावरची मोटर आणि रस्त्यावरची मोटार, दोन्ही एकच काम करतायत.

रस्त्याची रुंदी हाही एक दाबच आहे. तो सगळ्यांत वाटून पुरायला हवा. एक चारचाकी उभी राहायला साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट जागा खाते. तिच्यामुळे ज्याला चालता आलं नाही, ज्याची हातगाडी सरकली नाही, ज्याची रुग्णवाहिका अडली, तो त्या वेळी समोर नसतो. आणि याच रस्त्याच्या कडेला, आठवडे बाजाराच्या दिवशी, टोपलं घेऊन बसणारी बाई पोत्याच्या तुकड्याएवढी जागा घेते आणि त्या जागेची पावती फाडते. तिच्या मागं दिवसभर उभी असलेली मोटार काहीच भरत नाही. ही गोष्ट मला साधी वाटत नाही. गावाच्या जागेचं भाडं गावातली सर्वांत गरीब माणसं देतात आणि सर्वांत जास्त जागा घेणारे मोकळे राहतात, अशी व्यवस्था आपण वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर चालू ठेवली आहे.

1958 चा ग्रामपंचायतीचा कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं. त्यात बाजारावरची फी आहे, तशीच गाडीतळ आणि टांगातळ यांवरचीही आहे. बैलगाडी आणि टांगा हीच त्या काळची मोटार. म्हणजे गावात वाहन उभं करणं हे गावाच्या मालकीची वस्तू वापरणं आहे, हे तत्त्व कायद्यात पहिल्यापासून होतं. टांगे गेले, मोटारी आल्या आणि ते तत्त्व टांग्याबरोबर गेलं.

पहूरबद्दल बोलायचं तर नदीपासून सुरुवात करायला हवी. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगवते. ज्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर लेणी कोरली गेली ते वळण हिनंच कापलेलं आहे. तिथून ती पहूरला येते आणि गावाचे दोन भाग करते. एक पेठ, दुसरं कसबे. दोन्ही नावं जुन्या कारभाराची खूण सांगतात. कसबा म्हणजे परगण्याच्या कारभाराचं ठाणं, पेठ म्हणजे व्यापाऱ्यांनी वसवलेला बाजार. आजही पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायती आहेत. नदी पुढं जाते, धरणात अडते आणि जळगाव शहर तेच पाणी पितं. उरलेली तापीला मिळते. म्हणजे लेण्यांतल्या भिक्खूंपासून जळगावच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्यापर्यंत एकच नळी आहे म्हणा ना, आणि पहूर तिच्या मधल्या सांध्यावर बसलं आहे.

बाहेरच्या माणसाला गाव एकच दिसतं. पेठेत उतरलेला कसब्यात लग्नाला जातो, कसब्यातला पेठेत बाजार करतो. आता फाट्यावर कुणी, कुठं, किती वेळ गाडी लावायची, हे कुणी ठरवायचं? राष्ट्रीय महामार्गाची जमीन आणि त्यावरची वाहतूक यांसाठी केंद्राचा 2002 चा स्वतंत्र कायदा आहे. बसस्थानक एस.टी. महामंडळाचं. शिट्टी पोलिसांची. गटार, दिवाबत्ती, कचरा आणि टोपल्याची पावती ग्रामपंचायतीची. एकाच रस्त्यावर चार मालक उभे असतात आणि तक्रार मात्र सरपंचाच्या दारात येते, कारण त्याचं घर माहीत असतं. खानदेशातल्या कुठल्याही फाट्यावरच्या गावात हाच हिशेब आहे.

पहूरहून थोडं पुढं गेलं की फर्दापूर. तिथं याच प्रश्नाला एक वेगळं उत्तर दिलेलं आहे. लेण्यांकडे वळणाऱ्या तिठ्यावर खासगी गाड्या थांबवतात, तिथं वाहनतळ आहे आणि उरलेले चारेक किलोमीटर एस.टी.च्या बसनंच जावं लागतं. मोटारींच्या धुरानं चित्रांना इजा होते, म्हणून हे केलं. माथेरानलाही दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटार जात नाही. म्हणजे मोटार थांबवता येते, फी घेता येते आणि लोक ते मुकाट्यानं पाळतात. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींसाठी आपण एवढं केलं, ते योग्यच केलं. चालत शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी त्याच्या दशांशाइतकं तरी का करू नये?

इथं वाचक म्हणेल, गावाला शिस्त लागत नाही, तो आपला स्वभावच नाही. खानदेशात राहून हे म्हणणं मला पटत नाही, कारण फड पद्धत इथलीच आहे. पांझरा आणि मोसम या नद्यांच्या काठी निदान तीनशे वर्षं लोकांनी बंधारे, पाट आणि पाण्याचा कारभार स्वतः चालवला. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, बहुधा चार. एका फडात एकच पीक. या वर्षी उसाचा कोणता, गव्हाचा कोणता, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि ते पाळीपाळीनं फिरवायचं. सर्वांत महत्त्वाचा नियम मला हा वाटतो की शेतकऱ्यानं स्वतः पाणी घ्यायचं नाही. पाटकरी नेमलेला असे, तोच प्रत्येक शेत भिजवी. जागल्या राखण करी. दोघांची मजुरी शेतकरीच वर्गणीनं देत. पाण्याच्या आणि तहानेच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा केलेला होता, ज्याला पुढचं शेत आणि शेवटचं शेत सारखं होतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री. स्पेनमधले पाट, जपान आणि स्वित्झर्लंडमधली सामायिक कुरणं यांचा अभ्यास करून तिनं 1990 च्या पुस्तकात दाखवलं की सामायिक वस्तू लुटली जाणं अटळ नसतं. ज्यांचं पोट तिच्यावर आहे त्यांनी नियम केले, राखणदार त्यांना उत्तर देणारा असला, पहिल्या चुकीला दंड छोटा आणि पुढं वाढत गेला, तर ती टिकते. धुळ्याच्या पाटकऱ्याला हे ऐकवलं असतं तर त्यानं विचारलं असतं, यात नवं काय?

आजचा पाटकरी म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून पहाटे निघतो. चेंबरचं झाकण बाजूला करतो, हात घालून चिखल काढतो, चावी बसवतो आणि फेरे मोजत वॉल उघडतो. कुठल्या वॉलला किती फेरे दिले की वरच्या वस्तीला पाणी चढतं, हे कुठल्याच नकाशात नसतं, त्याच्या मनगटात असतं. तो आठ दिवस आजारी पडला तर गाव तहानतं. मी भेटलेल्या अशा एका माणसानं मला सांगितलं होतं, "शिव्या दोन्हीकडनं. ज्याला पाणी गेलं त्याच्या कमी पडलं म्हणून, ज्याला नाही गेलं त्याच्या तर ठरलेल्याच."

या माणसाचा पगार कुठून येतो, ते पाहिलं की सगळा प्रश्न उलगडतो. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना मोठा निधी दिला. त्यातला 60 टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. 2019 च्या 15 ऑगस्टला जाहीर झालेल्या जलजीवन मिशननं घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी असं उद्दिष्ट ठेवलं. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. टाकी वरच्या पैशातून उभी राहते, नळ्या वरच्या पैशातून पडतात, नारळ फुटतो, फोटो येतो. पण पंपाचं वीजबिल, क्लोरीन, जळालेली वायंडिंग आणि चावी फिरवणारा हात यांचा बराचसा भार पाणीपट्टीवर येतो. बांधायला पैसा वरून येतो, चालवायला गावातूनच लागतो. आणि गावातून तो येत नाही. पाणी दिवसाआड येतं म्हणून लोक पट्टी भरत नाहीत, पट्टी येत नाही म्हणून वीजबिल थकतं, बिल थकलं की वीज तुटते आणि दिवसाआडचं पाणी आठवड्यावर जातं. मग नव्या योजनेची मागणी होते. जुनीला काय झालं होतं, हे कुणी विचारत नाही.

थकबाकीदारांत गरीबच असतात, असं समजायचं कारण नाही. माझ्या पाहण्यात मामींची पाणीपट्टी कधी थकली नाही. ग्रामपंचायतीच्या दाखल्यासाठी हेलपाटे ज्यांना मारावे लागतात, ते आधी भरतात. ज्यांच्या घरी दाखला चालत जातो, ते थांबतात.

म्हणून पहूरसारख्या ठिकाणी सुरुवात फार छोटी असावी, असं मला वाटतं. ग्रामसभा वर्षातून किमान चारदा घ्यावीच लागते आणि गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा पुरतो. एवढे लोक एका लग्नाच्या पहिल्या पंगतीत असतात. दोन्ही पंचायतींनी वर्षातली एक सभा फक्त दोन मोटारींसाठी ठेवावी, एकाच दिवशी, आणि दोन्हींचे ठराव एकत्र बसवावेत. नळ्यांचा नकाशा भिंतीवर लावावा आणि त्यावर शेवटची घरं लाल खुणेनं दाखवावीत. किती पट्टी जमली, वीजबिल किती गेलं, पाणी सोडणाऱ्याचे किती महिने थकले, हे मोठ्यानं वाचावं. आधी हिशेब आणि मग पट्टी, हा क्रम बदलू नये. फाट्यावर महामार्गवाले, एस.टी. आणि पोलीस यांना एका टेबलाला बसवण्याचा अधिकार पंचायतीला नसेल, पण पत्र धाडण्याचा आहे, आणि दोन पंचायतींच्या सह्यांचं पत्र एका सहीच्या पत्राहून जड असतं. गाडीतळाची फी मोटारीवर बसवावी आणि तिचे पैसे थेट चावीवाल्याच्या पगाराला लावावेत. एका मोटारीच्या पैशातून दुसऱ्या मोटरीवर लक्ष ठेवणारा माणूस जगावा.

दंड पहिल्यांदा दहा रुपये असला तरी चालेल. तो मात्र पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या, ज्याला सगळे नमस्कार करतात, त्या घराला व्हावा.

मामी आता थकल्या. घराच्या आवारात मामेभावानं जमिनीत टाकी केली आहे आणि ती भरायला नळाला मोटरही बसवली आहे. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा पाणी सुटलं आणि त्यानं बटण दाबलं. नळीतून जोरात पाणी येऊ लागलं. मामी ओट्यावर होत्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग त्याला म्हणाल्या, "बंद कर. मागल्या प्लॉटात आता नवी घरं झालीत."

त्यानं बटण वर केलं. आम्ही तिघंही गप्प बसलो, धार बारीक होईपर्यंत.