परक्याचें दुःख

इसवी सनापूर्वी ४९४ मध्यें इराणी सैन्यानें मायलीटस हें आयोनियांतील ग्रीक नगर धुळीस मिळविलें. पुढें फ्रिनिकस नामक कवीनें त्याच प्रसंगावर नाटक रचून अथेन्सच्या रंगभूमीवर आणलें. हेरोडोटस सांगतो कीं, तें पाहून सारे प्रेक्षक रडूं लागले. आणि मग आपलींच दुःखें आपणांस स्मरून दिलीं म्हणून नगरानें कवीला १००० द्राख्मांचा दंड केला व तें नाटक पुन्हां कोणीं करूं नये अशी आज्ञा दिली.

शोकनाट्य रचणाऱ्यानें रडविलें, हा त्याचा गुण कीं गुन्हा? आम्हांस हा दंड प्रथम निव्वळ कोतेपणाचा वाटला. परंतु या कलेची घडण पाहिली म्हणजे अथेन्सकरांची बाजू थोडी ध्यानांत येते. डायोनिसस देवाच्या उत्सवांत नाचत गाणाऱ्या वृंदांतून ती निघाली. वृंदाला उत्तर देणारा पहिला नट थेस्पिसनें उभा केला अशी परंपरा आहे. दुसरा एस्किलसनें व तिसरा सोफोक्लीझनें आणला, असें ॲरिस्टॉटल म्हणतो. सारे नट पुरुष, सर्वांच्या तोंडावर मुखवटे. कथा बहुधा पुराणकाळच्या राजकुळांची. हत्या बहुतेक दाराआड व्हावयाची आणि दूतानें ती येऊन सांगावयाची. प्रेक्षक आणि दुःख यांच्यामध्यें असे एकावर एक पडदे होते. ते असल्यामुळेंच दुःखाकडे टक लावून पाहतां येई. फ्रिनिकसनें त्यांतला सर्वांत जाड पडदा, काळाचा, दूर केला.

तथापि दंडाचें आणखीही एक कारण असावें, असा आमचा संशय आहे. आयोनियाच्या बंडास अथेन्सनें २० जहाजें पाठविलीं होतीं, आणि थोड्याच काळांत अंग काढून घेतलें होतें. त्या अश्रूंत शोकाइतकीच टोचणीही असेल. आणि टोचणी देणाऱ्यास कोणतें नगर बक्षीस देतें? फ्रिनिकसवर अन्याय झाला, असें आम्ही आजही म्हणूं.

मग ४७२ चें साल आलें. मॅरेथॉनच्या रणांत लढलेल्या एस्किलसनें ‘पर्शियन’ हें नाटक आणलें. वृंदाचा खर्च तरुण पेरिक्लीझनें उचलला होता. विषय पुन्हां ताजाच: अवघ्या आठ वर्षांपूर्वीची सॅलॅमिसची लढाई. पण येथें काळाचा पडदा नसला तरी स्थळाचा होता. प्रसंग घडतो इराणांत, सूसा येथें. तेथें राजमाता वाट पाहते, दूत नाशाची वार्ता आणतो, मृत डरायसचें भूत थडग्यांतून उठून पुत्राच्या उन्मादाला दोष देतें. पडलेल्या इराणी सरदारांचीं नांवें एकामागून एक घेतलीं जातात; ग्रीक वीराचें मात्र एकही नांव नाहीं. या नाटकाला पहिलें पारितोषिक मिळालें.

कोणी म्हणेल, ही शत्रूची फजिती पाहण्याची हौस होती. तीही असेल; फाटक्या वस्त्रांतला झर्क्सीझ पाहून कांहीं जण खचित सुखावले असतील. पण केवळ फजितीच दाखवावयाची असती, तर मातेचें भय आणि मुलें गमावलेल्या घरांचा आक्रोश इतक्या गांभीर्यानें कशास रचावा? सूसाचे वृद्ध म्हणून त्या शेवटच्या विलापांत ऊर बडविणारे गायक अथेन्सचे नागरिक होते. आणि त्यांचें नगर याच झर्क्सीझनें जाळलें होतें.